मुंबईच्या वाट्याची मर्लो

६ सप्टेंबर १९५६, मलकपेठ

राज्य मोडताना आपण हजर असावं आणि चार ओळीही लिहून ठेवू नयेत, हे कारकुनाला शोभत नाही. म्हणून ही वही.

येत्या पहिल्या नोव्हेंबरला आपलं हैदराबाद राज्य संपणार. तेलंगण आंध्राकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्याकडं. माणसं वाटली, नद्या वाटल्या, आता सामान वाटायचं काम आमच्या जिन्नसखान्याच्या बोकांडी बसलंय. जिन्नसखाना म्हणजे ज्याला कोणी वाली उरला नाही अशा सरकारजमा सामानाची वखार. हत्तीचे हौदे, झुंबरं, तीन पायांतला एक पाय गेलेला पियानो आणि एक भुसा भरलेला वाघ. वाघ तीन राज्यांत कसा वाटायचा यावर पत्रव्यवहार चालू आहे. म्हैसूरवाल्यांनी शेपटाकडचा भाग चालणार नाही असं आधीच कळवून ठेवलंय.

मी श्रीपती, मूळचा वसमतकडचा, इथं अठरा वर्षं कारकून. माझ्या वर हेडक्लार्क मुकुंदराव. त्यांच्या वर आमचे मोठे साहेब, नवाजिश अली, येत्या जानेवारीत पेन्शनीत निघतील. मला नोकरीला लावलं ते त्यांनीच. पहिल्या दिवशी दप्तरात माझ्यासाठी पाण्याचा वेगळा गडू मांडून ठेवला होता. साहेबांनी तो उचलला, खिडकीतून भिरकावला आणि स्वतःच्या सुरईतलं पाणी मला दिलं. गडू खालच्या टांग्यावर पडला आणि टांगेवाला वर येऊन तासभर भांडला, ते वेगळं.

सखू आत्ताच वाकून विचारून गेली, काय लिवताय म्हणून. म्हटलं, इतिहास. म्हणाली, "मंग त्यात रॉकेल संपलंय ह्ये बी लिवा."

११ सप्टेंबर

आज वखारीत दारू आली. साधीसुधी नाही.

तारनाक्याच्या पुढं एका कोठीत एक म्हातारे जागीरदार राहायचे. उन्हाळ्यात वारले, मागं ना मूल ना बाळ. त्यांच्या तळघरातल्या छत्तीस बाटल्या सरकारजमा झाल्या. बैलगाडीत गवतावर आडव्या निजवून आणल्या. बैलांच्या तोंडापुढं जागीरदारांचा खानसामा याकूब दोन्ही हात पसरून उलटा चालत होता आणि ओरडत होता, "आहिस्ता! आहिस्ता! सो रई है वो!" तारनाका ते मलकपेठ पाच तास लागले. चादरघाटच्या पुलावर मागं टांग्यांची रांग लागली आणि टांगेवाल्यांनी जागीरदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मी हमालांना म्हटलं, बाटल्या नीट उभ्या करून लावा, शिस्त दिसते. याकूब छाती पिटायला लागला. उभी केली की बूच वाळतं, बूच वाळलं की वारं शिरतं, वारं शिरलं की आत आंबून शिरका होतो. म्हणून ही बाई कायम लोळत पडलेली पाहिजे. उजेड नको, ऊन नको, धक्का नको आणि दाराशी मोठ्यानं बोलायचं नाही. हे शेवटचं त्यानं मनानं घातलं असावं. शेवटी जिन्नसखान्याच्या तळघरात, जिथं पूर्वी बर्फ साठवायचे, तिथं लावल्या.

घरी सखूला सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही. "लोनच्यावानीच की. ओला हात लावायचा न्हाई, ऊन दाखवायचं न्हाई, घडीघडी झाकन उघडायचं न्हाई."

१३ सप्टेंबर

सखूचं लोणच्याचं बोलणं याकूबला सांगितलं. आधी भडकला. मग दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "तुमारी बेगम समझदार है." तेव्हापासून माझ्याशी नीट बोलतो.

फ्रान्समध्ये मोंतरेव नावाचा कुठलासा लई नामी मळा आहे, ही तिथली. द्राक्षाची जात मर्लो. जागीरदार स्वतः बोटीनं जाऊन, मळेवाल्याच्या घरी जेवून ही पसंत करून आले होते. साल १९३४. म्हणजे बावीस वर्षं मुरतेय आणि आणखी दहा ठेवली तरी चढतच जाईल म्हणे. कोवळी असताना जिभेला कात लावल्यागत तुरट, मुरत गेली की मऊ. "जवानी में झगडती, बुढापे में गाती," याकूब म्हणाला.

मी विचारलं, चव कशाची असते? त्यानं डोळे मिटून बोटांवर मोजलं. आलुबुखारा. देवदाराची पेटी. तंबाखूचं पान. आणि शेवटी, घशाखाली उतरताना, जुन्या चामड्याचा वास.

घ्या! चामड्याच्या वासापायी आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं आणि हे लोक त्याच वासासाठी बोटीनं फ्रान्सला जातात. आधी सांगितलं असतं तर वसमतला चार आण्यात काम झालं असतं.

२१ सप्टेंबर

वाटणी झाली. बारा, बारा, बारा. वाघापेक्षा लई सोपं. फळ्यांवर खडूनं आंध्र, म्हैसूर, मुंबई अशी नावं मीच घातली. 'मुंबई' लिहिताना ऊर जरा भरून आला.

एवढ्यात मुकुंदराव म्हणाले, "पण तिकडं दारूबंदी आहे की!"

कायद्याचं पुस्तक काढलं. खरंच आहे. मुंबईचा अधिकारी येणार, ताबा घेणार आणि दारू हद्दीच्या आत नेता येत नाही म्हणून इथंच पंचांसमोर नालीत ओतून परत जाणार. साहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं. दिवसभर पानदान उघडलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "बावीस साल, श्रीपती. और नाली में?"

मी म्हटलं, कायदाच तसा आहे साहेब.

मग कळलं की जागीरदार त्यांचे दोस्त होते. दर जुम्म्याला दोघं शतरंज खेळायचे. साहेब पेन्शनीत निघाले की पहिली बाटली दोघांनी मिळून उघडायची असं ठरलं होतं. मला वाईट वाटलं. पण आपण काय करणार, आपण कारकून.

२ ऑक्टोबर

साहेबांची कर्तव्यनिष्ठा बघून थक्क व्हायला होतं. रोज चार वाजता ते, मुकुंदराव आणि याकूब तळघरात उतरून तासभर मुआयना, म्हणजे तपासणी, करतात. तोसुद्धा फक्त मुंबईच्या फळीचा. मी विचारलं, आंध्र आणि म्हैसूरचा का नाही? साहेब म्हणाले, "वो अपना ख्याल खुद रख लेंगे. मराठवाडे का हक है, मियाँ, उसकी हिफाजत हमकू करना है."

मला गहिवरून आलं. मराठवाड्याची इतकी काळजी आमच्या पुढाऱ्यांनीही कधी केली नाही.

कामात मन रमलं की प्रकृतीही सुधारते. मुकुंदरावांचं पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं, पण हल्ली तळघरातून वर येतात ते गुणगुणतच. काल तर त्यांनी वाघाच्या पाठीवर थाप मारून त्याला "क्या हाल है?" विचारलं. याकूबला मात्र हकिमानं रक्तवाढीसाठी डाळिंबं सांगितलीत, बिचारा रोज टोपलीभर आणतो. चहाही दोन किटल्या लागतो, दुधाशिवाय. म्हातारपण म्हटलं की पथ्यं आलीच.

१८ ऑक्टोबर

पंधरवडाभर वही बंद होती. सखू आणि मी नागपूरला जाऊन आलो.

नामपल्लीहून निघालो तेव्हापासून गाडीत उभं राहायला जागा नव्हती. कोणी कुरकुर केली नाही. मैदानावर जिकडं बघावं तिकडं पांढरी कापडं. प्रतिज्ञा म्हणताना लाखो तोंडांत माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता आणि तरी वाटलं, जन्मात आज पहिल्यांदा बोलतोय. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आली तेव्हा सखूनं माझा हात असा दाबला की अजून बोटं दुखतात. दाबणारच. या वहीत खोटं कशाला लिहू, दर पगाराला मी सेंधी प्यायचो आणि घरी येऊन तिला गाणी म्हणून दाखवायचो. तिनं ती गाणी अकरा वर्षं ऐकलीत. आता बंद.

आज दप्तरात गेलो तर मुकुंदराव सगळ्यांसमोर म्हणाले, "काय श्रीपती, आता तू दारूला शिवणार नाहीस ना? मग तळघराची किल्ली तुझ्याकडं. तुझ्या नावावर असली की कोणाला शंका यायची नाही."

गंमत आहे तुमची, मुकुंदराव. आम्ही शिवलो तर विटाळ होतो म्हणून तीन पिढ्या कोणी आमच्या हातात किल्ली दिली नाही आणि आता मी शिवत नाही म्हणून दिली. पण घेतली. पावतीवर सही केली, किल्ली आणि जबाबदारी श्रीपतीकडं. कमरेला किल्ली लावून घरी येताना चाल बदलली होती माझी, खोटं कशाला बोलू? साहेब त्या वेळी पान लावत होते. वर बघितलंच नाही. चुना जास्त झाला असावा, डोळ्यांत पाणी आलं होतं.

मुआयन्याची वेळ झाली की साहेब किल्ली मागून नेतात. सखूला सांगितलं. म्हणाली, "किल्ली एकाच्या नावावर आन् उघडनारी मानसं तिघं?"

तिला दप्तरातलं काय कळतंय.

२२ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

दुपारी तळघरात एकटाच होतो. खाली गार. बाटल्या गपगार निजलेल्या, वर धूळ. आणि कुठून तरी एक वास आला, गोडसर, आंबूस. तोंडाला पाणी सुटलं. जीभ मेली जुनी सवय विसरत नाही. एक बाटली हातात घेऊन पाहिली, फक्त पाहिली. मग माझाच मला राग आला आणि तिथंच उभं राहून बाविसाच्या बावीस प्रतिज्ञा पहिल्यापासून म्हटल्या, मोठ्यानं. वर आलो तर याकूब दारात उभा. "नीचे किससे बातां कर रहे थे?" मी म्हटलं, स्वतःशी. त्यानं माझ्याकडं फार वेळ बघितलं आणि निघून गेला.

२७ ऑक्टोबर

आज अडीच वाजता तळघरात गोळीबार झाला.

फळ्यांवरची धूळ बघायला गेलो होतो. पहिला आवाज झाला आणि बूच कंदिलावर बसलं. मी खाली बसलो. दुसरा झाला, तिसरा झाला. मुंबईच्या फळीवरच्या तीन बाटल्यांनी बुचं उडवली आणि लालभडक फवारा सगळा माझ्या अंगावर. अंगात सदरा कोणता? नागपूरला घातलेला, पांढरा. एक थेंब ओठावर आला. जीभ अशी आत ओढून घेतली की गिळवेना.

बोंबला! आता या अवस्थेत घरी कसं जायचं? गल्लीबोळांतून, भिंतीला पाठ लावून गेलो. तरी शेजारच्या सुशीलाबाई दारातच उभ्या. त्यांनी माझा सदरा बघितला, तोंडाला पदर लावला आणि "दहा-बारा दिवस टिकलं म्हणायचं" असं भिंतीकडं बघून म्हणाल्या.

सखूनं केरसुणी उचलली. मी ओरडलो, "मी प्यायलो नाही! दारूच माझ्या अंगावर आली!"

"असंच असतंया. दर डाव तीच येत हुती."

मग ती थबकली. माझ्या छातीशी नाक आणलं. पुन्हा हुंगलं. केरसुणी खाली ठेवली.

"डाळिंब हाय ह्ये. आन् काळा च्या. साखर बी हाय."

"अगं, फ्रान्सची आहे ती. आलुबुखारा, देवदार—"

"दारूचा वास मला शिकवू नगा. अकरा वर्सं तुमच्या तोंडाला घेतलाय. सरबत करून, घट्ट बूच ठोकून ठिवलंय कुनीतरी. ते आंबलं. आंबल्यावर बूच उडंल न्हाई तर काय हुईल?"

मी पाटावर बसलो. डाळिंबाच्या टोपल्या. दुधाशिवायच्या किटल्या. मराठवाड्याचा हक्क. वाघाला "क्या हाल है?" सगळं एकदम समोर आलं. अठरा वर्षं मी स्वतःला हुशार समजत होतो. बैल आहे मी, बैल. त्या गाडीला जुंपलेले दोन बैलसुद्धा माझ्यापेक्षा शहाणे होते.

आणि मग घाम फुटला. किल्ली माझ्या नावावर. हे बाहेर आलं तर साहेबांना कोण विचारतंय, मुकुंदरावांना कोण विचारतंय? म्हणतील, बघा, शपथ घेऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि बारा बाटल्या रिचवल्या. माझं एकट्याचं नाव गेलं तर सोसेन. ते लोक माझ्या एकट्याचं नाव घेणार नाहीत. "हे असलेच" म्हणतील आणि त्या मैदानावरच्या सगळ्यांवर शिंतोडे उडतील.

२८ ऑक्टोबर

रविवार. जेवण गेलं नाही.

सखू म्हणाली, सरळ जाऊन सांगा. कुणाला सांगू? मुंबईच्या अधिकाऱ्याला? साहेबांची पेन्शन दोन महिन्यांवर आली आहे, ती जाईल. ज्या माणसानं माझ्यासाठी गडू फेकला त्याला मी फेकू?

मग म्हटलं गप्प बसतो. तिकडून मुंबईवाले येतील, नालीत ओततील, गेलं पाण्यात.

"आन् सही? तुमीच म्हनला, सही करून द्यावी लागती. 'ह्यात दारूच हुती' म्हनून लिवनार?"

"लिहावं लागेल."

"खोटं बोलनार न्हाई, ही बी शपथ हाय. का दारूचीच तेवढी ध्यानात ठिवली?"

ह्या बाईनं शपथ घेताना माझ्यापेक्षा जास्त लक्ष दिलं होतं. खरं बोललो तर साहेब बुडतात, खोटं बोललो तर शपथ बुडते आणि नुसता गप्प राहिलो तर मी बुडतो. नीट विचार केला तर सगळ्यात सोपं पिणंच होतं.

२९ ऑक्टोबर

साहेबांना सांगितलं की तीन बाटल्यांची बुचं उडाली. त्यांचं पान हातातच राहिलं. याकूब मधेच म्हणाला, "मर्लो है साब, कभी कभी गुस्से में आ जाती." संध्याकाळपर्यंत तिन्ही बाटल्या पुन्हा भरलेल्या, लाखेनं बंद केलेल्या. मला म्हणायचं होतं की साहेब, मला सगळं कळलंय. तोंड उघडलं आणि "चहा सांगू का?" एवढंच निघालं.

चहा म्हटल्यावर मुकुंदराव दचकले.

३१ ऑक्टोबर

मुंबईचे अधिकारी आले. नाव एकनाथराव. डोक्यावर कडक खादीची टोपी, तोंडात लवंग. चहा विचारला तर म्हणाले, "मी कोणतंही उत्तेजक पेय घेत नाही." सोबत दोन पंच आणि छापील कागद.

बारा बाटल्या मागच्या अंगणात आणल्या. एकेक बूच काढून नालीत ओतायला लागले. तीन-चार बाटल्या फसफसल्या. डाळिंबाचा असा घमघमाट सुटला की भिंतीवरून मधमाश्या आल्या. एकनाथरावांनी नाकाला रुमाल लावला. "शी शी! काय ही दारूची दुर्गंधी! आणि याच्यापायी संसार उद्ध्वस्त होतात!"

मुकुंदराव म्हणाले, "फार वाईट, साहेब."

बारावी बाटली रिकामी झाली. एकनाथरावांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "सदर द्रव्य मूळचेच असून त्यात कोणताही फेरफार झालेला नाही, असे मी खात्रीपूर्वक लिहून देतो." खाली रेघ. "किल्ली तुमच्या नावावर आहे ना? करा सही."

दौतीत टाक बुडवला. मुकुंदराव माझ्याकडं बघून मान हलवत होते, कर, कर. याकूब बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या पायात चपला होत्या. साहेब बघतच नव्हते, नालीकडं तोंड करून उभे होते. माझ्या डोक्यात काही नव्हतं, खरंच सांगतो. मी ठरवून काही बोललो नाही, तोंडातून निघालं.

"साहेब, मला सही करता येत नाही."

"लिहिता येत नाही?"

"लिहिता येतं. पण मी ही चाखलेली नाही. न चाखता 'मूळचीच' असं लिहिलं तर ते खोटं होतं. आणि चाखायची नाही अशी माझी शपथ आहे. खोटं बोलायचं नाही अशीही आहे. ज्यांना या दारूची चव माहीत आहे त्यांनी सही करावी."

एकनाथरावांना ते पटलं. म्हणाले, "योग्य आहे. इथं कोणाला चव माहीत आहे?"

मुकुंदराव आभाळाकडं बघायला लागले. "मला तर वासानंच मळमळतं," असं बारीक आवाजात म्हणाले. याकूबची नाडी काही बांधून होईना.

साहेब वळले. शेरवानीची बटणं सारखी केली, माझ्या हातातून टाक घेतला आणि बाकड्यावर बसून कागदाच्या पाठीवर लिहायला लागले. सगळी हयात ज्या अक्षरात हुकूम लिहिले त्याच वळणदार उर्दूत. एक ओळ, दोन ओळी, चांगल्या सात-आठ ओळी. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

"हे उर्दूत?" एकनाथरावांनी कागद उलटा धरून बघितला.

"आज शाम तक चलता है," साहेब म्हणाले. "कल से आपका राज."

कागद मुकुंदरावांच्या हातातून माझ्याकडं आला. वाटेत त्यांनी वाचला आणि त्यांना असा ठसका लागला की पंचांनी पाठीवर थापा मारल्या. मी वाचला. लिहिलं होतं:

मी, नवाजिश अली, कबूल करतो की मुंबईच्या वाट्याच्या बारा बाटल्या मी, खानसामा याकूब आणि हेडक्लार्क मुकुंदराव अशा तिघांनी पिऊन संपवल्या. नालीत जाऊ देणं आम्हाला जमलं नाही. आज नालीत गेलं ते डाळिंबाचं सरबत. किल्ली श्रीपतीच्या नावावर टाकली ती आमच्या बचावासाठी आणि त्याची मला शरम आहे. त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो प्यायला नाही आणि खोटं बोलला नाही. या दप्तरात माझी चौतीस वर्षं गेली, त्याच्याइतका सच्चा माणूस इथं बसला नाही, माझ्या खुर्चीतसुद्धा.

अक्षरं हलायला लागली. मी साहेबांकडं बघितलं. ते पानदान उघडून सुपारी कातरत होते.

एकनाथराव म्हणाले, "तुम्हाला हे वाचता येतं ना? बरोबर लिहिलंय?"

तीन माणसांनी श्वास धरलेला मला ऐकू आला. चौथा मी.

"शब्द न् शब्द खरा आहे, साहेब."

"मग साक्षीदार म्हणून खाली सही करा."

केली. अठरा वर्षांत इतकी चांगली सही आली नव्हती. एकनाथरावांनी शिक्का मारला, कागदाची घडी घालून बॅगेत टाकली, आमच्या सहकार्याबद्दल आभार मानले आणि दारूच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटं बोलून टांग्यात बसले. जाताना साहेबांनी स्वतःची सुरई उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि गेले.

घरी येऊन सखूला सगळं सांगितलं. तिनं ते कागदावरचं जसंच्या तसं म्हणायला लावलं, मराठीत, तीनदा. मला रडू आलं, लपवत नाही. सरकारी कागदावर माझ्याबद्दल आजवर 'कामावर उशिरा आला' याच्यापलीकडं कोणी काही लिहिलं नव्हतं. आणि लिहिलं ते असं की गेलं मुंबईला. तिथं उर्दू कोण वाचणार? कपाटात पडून राहील.

"आन् कुनी वाचलंच तर?" सखूनं विचारलं.

"तर साहेबांची पेन्शन गेली."

तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली.

"मंग नगं. कुनी वाचूच नगं," म्हणाली. "तुमी म्हना परत. त्यो 'सच्चा मानूस' हाय न्हवं, तिथून."

मी चौथ्यांदा म्हटलं.